मुलांना राज्यांची नावे आणि त्यांमागचा इतिहास घरी कसा शिकवावा

भारतातील २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश यांची यादी मुले पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात, कारण त्या यादीतले एखादे नाव त्यांच्या स्वतःच्या घराशी जोडून कुणी दाखवलेले नसते. म्हणून घरी शिकवताना सुरुवात यादीपासून न करता घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीपासून करावी. आजी-आजोबा कोणत्या गावी व कोणत्या साली जन्मले हे मुलाने त्यांना विचारावे, आणि त्या साली ते गाव कोणत्या राज्यात होते याचा शोध पालकांनी मुलासोबत बसून घ्यावा. १९५२ साली बीडला जन्मलेली आजी हैदराबाद राज्यात जन्मली, त्याच वर्षी नागपूरला जन्मलेले आजोबा तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीत जन्मले, आणि साताऱ्यात जन्मलेले कुणी असेल तर ते मुंबई राज्यात. गोव्यातील कुटुंबात हाच प्रश्न विचारला, तर १९६१ पूर्वीच्या पिढीचा जन्म पोर्तुगीज अमलाखाली झाल्याचे समोर येते. गाव जागेवरून हलले नाही, तरीही राज्य बदलले, हे लक्षात आल्यावर मूल स्वतःहून त्याचे कारण विचारते, आणि इतिहास सांगण्याची योग्य वेळ तीच असते.

कारण सांगताना घटनांचा क्रम सोडू नये. वेगळ्या आंध्र राज्यासाठी उपोषणाला बसलेल्या पोट्टी श्रीरामुलूंचे १५ डिसेंबर १९५२ रोजी निधन झाले, पुढच्याच वर्षी आंध्र राज्य स्थापन झाले आणि राज्यांच्या पुनर्रचनेचा विचार करण्यासाठी फजल अली आयोग नेमला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा १४ राज्ये अस्तित्वात आली, मात्र मराठी आणि गुजराती भाषकांना मुंबई या एकाच द्वैभाषिक राज्यात ठेवण्यात आले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात अनेकांनी प्राण दिले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. मुंबईत राहणाऱ्यांनी किंवा मुंबईला जाणाऱ्यांनी हा भाग मुलाला हुतात्मा चौकात उभे राहून सांगावा.

यानंतर नकाशाकडे वळावे. भिंतीवरील राजकीय नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून मुलाकडून आजच्या सीमा पेन्सिलीने गिरवून घ्याव्यात आणि मग काळाच्या उलट दिशेने एकेक रेषा खोडावी. तेलंगण आणि आंध्र प्रदेश यांच्यातील रेषा खोडली की आपण २०१४ च्या मागे जातो; झारखंड, उत्तराखंड आणि छत्तीसगड यांच्या सीमा अनुक्रमे बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात मिसळल्या की २००० च्या मागे; आणि शेवटी महाराष्ट्र-गुजरात सीमा खोडली की १९६० च्या मागे. माझ्या मते एवढा एक खेळ अनेक तक्त्यांपेक्षा अधिक शिकवतो, कारण सीमा माणसांनी ठरवलेल्या आहेत हे मुलाला हातातल्या खोडरबराने कळते. ईशान्य भारताकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे, कारण आपल्याकडची मुले तिथली राज्ये हमखास एकमेकांत मिसळतात. आसामपासून नागालँड १९६३ मध्ये आणि मेघालय १९७२ मध्ये वेगळे राज्य झाले, तर सिक्कीम १९७५ मध्ये भारतात सामील झाले, हे सुटे सुटे सांगावे.

टोपणनावे शिकवताना प्रत्येक वेळी ‘हे नाव कशावरून पडले?’ असे विचारावे. छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात ते तिथल्या पिकावरून. उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेश या दोघांनाही देवभूमी म्हणतात, म्हणजे टोपणनाव एकाच राज्याच्या मालकीचे असते असे नाही. पंजाबचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. झेलम, चिनाब, रावी, बियास आणि सतलज या पाच नद्यांचा हा प्रदेश १९४७ च्या फाळणीत विभागला गेला, त्यामुळे आजच्या भारतीय पंजाबात सतलज व बियास आणि सीमेलगतची रावी एवढ्याच नद्या सापडतात. मुलाला नकाशावर पाचही नद्या शोधायला लावाव्यात. दोन नद्या सीमेपलीकडे सापडल्या की फाळणीचा विषय आपोआप निघतो.

नावे बदललेल्या राज्यांसाठी घरच्या दिनदर्शिकेचा उपयोग करावा. मद्रासचे तमिळनाडू १९६९ मध्ये, म्हैसूरचे कर्नाटक १९७३ मध्ये, उत्तरांचलचे उत्तराखंड २००७ मध्ये आणि ओरिसाचे ओडिशा २०११ मध्ये झाले. राज्यांचे स्थापना दिन दिनदर्शिकेवर नोंदवून त्या त्या दिवशी पाच मिनिटे बोलणे पुरेसे आहे. झारखंडचा दिवस १५ नोव्हेंबर हा बिरसा मुंडा यांच्या जयंतीचाच दिवस आहे, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्याविषयीही सांगता येते. राजधान्या सर्वांत शेवटी घ्याव्यात, त्या प्रवासाच्या आणि बातम्यांच्या निमित्ताने लक्षात राहतात.

दहा-बारा वर्षांचे मूल बेळगावबद्दल विचारेल. तो प्रश्न टाळू नये. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, पुनर्रचनेत ते म्हैसूरकडे गेले, या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही आणि २००४ मध्ये राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे सर्व त्याला क्रमाने सांगावे, आणि कर्नाटकाला तो अहवाल मान्य आहे हेही त्याच वेळी सांगावे.