एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा

मे महिन्यात मुंबईत एसी थंड करेनासा झाला की मेकॅनिक बहुतेक वेळा एकच निदान सांगतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." आमच्या दादरच्या घरी लागोपाठ दोन उन्हाळे आम्ही असाच गॅस भरला, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा तीच कोमट हवा. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि कमी झालाच नसेल तर दोष दुसरीकडे आहे. तो दुसरीकडचा दोष बऱ्याचदा आपल्याला घरीच सापडतो.

आधी रिमोट बघा. मोड 'फॅन' किंवा 'ड्राय'वर गेलेला नाही ना? 'कूल'वर आणून 24 अंश ठेवा. एसी बंद करून लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं थांबूनच सुरू होतो, हा बिघाड नव्हे.

मग एमसीबी (एसीची वीज तोडणारा बोर्डवरचा स्विच) खाली पाडून फिल्टर काढा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. जाळीतून उजेड दिसत नसेल तर हवा तरी कुठून जाणार? नळाखाली धुवा, मऊ ब्रश फिरवा, सावलीत पूर्ण वाळवा. मुंबईत गल्लोगल्ली बांधकामं चालू असताना उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करावंच लागतं. फिल्टरमागच्या कॉइलवर, म्हणजे गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ दिसला तर तो चाकूने खरवडू नका, कॉइलला भोक पडेल. कूलिंग बंद करून दोन-तीन तास एसी नुसता 'फॅन' मोडवर चालवा. फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला, तर मात्र गॅसची शंका घ्यायला जागा आहे.

आउटडोअर युनिट खिडकीतूनच बघा. छज्ज्यावर उतरू नका, ग्रिलबाहेर वाकू नका, अगदी दुसरा मजला असला तरी. कबुतरांनी मागे काड्या, पिसं, विष्ठा साठवली असेल तर कॉइलची उष्णता बाहेर पडत नाही आणि खोली थंड होत नाही. वरळी, वांद्रे, वर्सोव्याला समुद्राची खारी हवा तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पात्या खाते, त्यामुळे तिथे पावसाळ्यानंतरची सर्व्हिसिंग चुकवू नये.

इनडोअरमधून पाणी टपकतंय? इथल्या दमट हवेत एसी भरपूर पाणी काढतो, आणि ड्रेन पाइपमध्ये बुळबुळीत लगदा साचला की ते भिंतीवरून उतरतं. बाल्कनीतल्या बादलीत पाइपचं टोक पाण्याखाली बुडालेलं असेल तर आधी ते वर उचला. कित्येकदा तेवढ्यानेच काम होतं. पाइपला मध्येच पोट आलं असेल तर सरळ करा.

एमसीबी एकदा पडला तर थोड्या वेळाने वर करून बघा. पुन्हा पडला, जळका वास आला किंवा प्लग गरम लागला तर एसी बंदच ठेवा. आउटडोअरचं झाकण स्वतः उघडू नका. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) भार शिल्लक असतो, तो जोराचा झटका देतो.

एवढं करूनही हवा कोमटच असेल तर मेकॅनिकला बोलवा, पण "गॅस भरा" असं सांगू नका, "गळती शोधा" म्हणा. गळती सापडून दुरुस्त झाली की नायट्रोजनने दाब तपासायला सांगा, मग व्हॅक्युम (पंपाने नळीतली हवा आणि ओल ओढून काढणं), आणि शेवटी वजन करून गॅस. किती ग्रॅम आणि कोणता, आर-32 की आर-410ए, हे युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. आर-32 पेट घेऊ शकतो, त्यामुळे हे काम जाणकारानेच करावं.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षी आलेल्या मुलाने आधी नळीचे जोड बघितले. नळी युनिटला जोडणाऱ्या फ्लेअर नटाभोवती बोटाला लागेल असा तेलकट डाग होता, कारण गळणाऱ्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. त्याने तिथे साबणाचा फेस लावला आणि बारीक बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. नळीचं टोक कापून त्याने नवीन फ्लेअर, म्हणजे नटात घट्ट बसणारं पसरट तोंड, केली. त्यानंतर चार उन्हाळे गेले, गॅस भरावा लागलेला नाही.