प्लाझ्माचा दाब टिकवायचाय? मग या चुका टाळा

टोकामॅकमध्ये, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू (प्लाझ्मा) चुंबकीय क्षेत्राने कोंडून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात, फ्यूजनची (अणुकेंद्रकं जुळण्याची) शक्ती साधारणपणे प्लाझ्माच्या दाबाच्या वर्गाने वाढते. दाब दुप्पट झाला तर शक्ती चौपट. त्यामुळे दाब कमी दिसला की आणखी तापवा, हा मोह सगळ्यांनाच होतो, आणि कित्येक शॉट, म्हणजे यंत्राच्या एकेका वेळच्या चाचण्या, तिथेच हातचे जातात.

प्लाझ्माचा दाब आणि चुंबकीय क्षेत्राचा दाब यांचं गुणोत्तर म्हणजे बीटा. १९८४ मध्ये फ्रान्सिस ट्रॉयॉन यांनी त्याची मर्यादा मांडली: प्लाझ्मातला मेगाअँपिअरमधला प्रवाह भागिले प्लाझ्माची लहान त्रिज्या आणि क्षेत्र यांचा गुणाकार, आणि येईल त्याला सुमारे २.८ ने गुणायचं. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर या मोठ्या टोकामॅकचे आकडे घालून पाहा. प्रवाह १५, त्रिज्या २ मीटर, क्षेत्र ५.३ टेस्ला. उत्तर येतं जेमतेम ४ टक्के, आणि इटरने काम धरलंय अडीच टक्क्यांच्या आसपास. एवढं अंतर राखूनही निश्चिंत राहता येत नाही, कारण चुंबकीय बेटं, म्हणजे चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळल्याने बनलेले बंद पट्टे, या मर्यादेच्या बऱ्याच खाली उगवतात.

बेट वाढतं कसं, हे नीट समजून घ्या. दाबाच्या उतारामुळे प्लाझ्मात आपोआप एक प्रवाह वाहतो, त्याला बूटस्ट्रॅप प्रवाह म्हणतात. सॉटूथच्या (गाभ्याचं तापमान पुन्हा पुन्हा चढून अचानक कोसळण्याच्या) धक्क्याने कुठे छोटंसं बेट तयार झालं की त्याच्या आत दाब सपाट होतो, तिथला बूटस्ट्रॅप प्रवाह गळतो, आणि त्या उणिवेमुळेच बेट आणखी फुगतं. अशा वेळी जास्त तापवणं म्हणजे बेटालाच खतपाणी घालणं. उपाय आहे जायरोट्रॉन या उपकरणाचे शक्तिशाली मायक्रोवेव्ह नेमके बेटावर सोडून हरवलेला प्रवाह भरून काढणं. नेम काही सेंटीमीटरने चुकला तरी बराचसा परिणाम वाया जातो. बेट लहान असतानाच सुरुवात केली तर कमी शक्तीत भागतं.

आता सगळ्यात फसवी जागा. बेट प्लाझ्मासोबत फिरत असतं, तेव्हा भिंतीजवळच्या मिर्नोव्ह कॉइल या मोजमापाच्या वेटोळ्यावर काही किलोहर्ट्झची लहर दिसते. बेट मोठं होतं तशी भिंत त्याला मागे ओढते आणि लहरीची वारंवारता उतरू लागते. मग अचानक रेघ सपाट होते. नवख्या माणसाला हायसं वाटतं, गडबड मिटली म्हणून. प्रत्यक्षात बेट जागच्या जागी अडकलेलं असतं! ही कॉइल क्षेत्रातला बदल मोजते. स्थिर क्षेत्र तिला दिसतच नाही. अडकलेलं बेट टिपणाऱ्या वेगळ्या सॅडल लूपचा (भिंतीवर बसवलेल्या मोठ्या वेटोळ्याचा) सिग्नल शेजारच्याच पडद्यावर ठेवा, आणि खरं म्हणजे वारंवारता उतरू लागली तेव्हाच तापवणं कमी करा. रेघ सपाट झाल्यावर हाताशी बहुधा सेकंदाचा छोटासा अंशच उरतो.

ही भीती नुसती पुस्तकी नाही. इंग्लंडमधल्या जेट या टोकामॅकवर दहा वर्षांतले २३०९ डिसरप्शन, म्हणजे प्लाझ्मा अचानक कोसळण्याचे प्रसंग, तपासले गेले. त्यात अशी अडकलेली बेटं हे सर्वांत मोठं मूळ कारण निघालं, आणि त्याच्या अगदी पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर माणसाची चूक. म्हणून शॉटच्या सेटिंग दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. मला हा भौतिकशास्त्राइतकाच महत्त्वाचा भाग वाटतो.

टंगस्टनच्या भिंतीचं थोडक्यात: भिंतीतून सुटलेलं टंगस्टन प्लाझ्मात शिरून गाभ्यातून किरणोत्सर्जन वाढू लागलं की घनता आवरण्यासाठी वायू बंद करू नका. वायूमुळे कडेचे छोटे स्फोट वारंवार होतात आणि तेच टंगस्टन बाहेर काढतात. वायूने दाब थोडा उतरतो, तो उतरू द्या. सोबत गाभा मधोमध तापवा.

शेवटी शॉट उतरवणं, म्हणजे तो हळूहळू संपवणं. ग्रीनवाल्डची घनतेची मर्यादा प्रवाहाच्या प्रमाणात असते. प्रवाह १५ मेगाअँपिअरवरून साडेसातवर आणला की तीही निम्मी होते. पण झडप बंद केली म्हणून घनता लगेच खाली येत नाही. भिंतीत मुरलेला वायू परत येत राहतो. म्हणून आधी वायू आणि मग प्रवाह, याच क्रमाने उतरा.