इजिप्तच्या थडग्यांतली शेतीची चित्रं कशी वाचावीत

लक्सरला नाईलच्या पश्चिम तीरावर मेन्ना आणि नख्त या अधिकाऱ्यांची थडगी आहेत, दोन्ही अठराव्या राजवंशातली, साधारण इ.स.पू. १४००ची. शेतीची चित्रं वाचायला शिकायचं तर इथूनच.

खालच्या पट्टीपासून सुरुवात करा. नख्तच्या भिंतीवर तळाशी नांगरणी, वर कापणी, सगळ्यात वर उफणणी. उलटं वाचलंत तर आधी धान्य मोजून झालं आणि मग शेत नांगरलं, असा घोटाळा होतो. पण नियमावर फार विसंबू नका. मेन्नाकडे दोरीने शेत मोजणारी माणसं सगळ्यात वर आहेत आणि पीक अजून उभं आहे, कारण करासाठी मोजणी कापणीआधीच होई. मोजणीचं परिमाण शंभर हातांचं, म्हणजे सुमारे ५२ मीटर. तेवढ्या बाजूचा चौरस आपल्या हिशेबाने २७ गुंठे भरतो.

पीक ओळखायला रंगापेक्षा हात पाहा. रंग उडालेले असतात. हातात विळा (लाकडी, गारगोटीच्या पात्यांचा) असेल तर गहू किंवा सातू. दोन्ही हातांनी मुळासकट उपटत असतील तर जवस. लिननच्या कापडासाठी लांब धागा हवा, म्हणून ते कापत नाहीत. विळा कुठे चालतोय तेही बघा: ओंब्यांच्या जरा खाली. म्हणून वाहतूक पेंढ्यांची नाही, टोपल्यांची. नख्तच्या चित्रात टोपली गच्च दाबण्यासाठी एक गडी दांड्यावर चक्क उडी मारतोय. मेन्नाकडे टोपलीखाली सरवा वेचणाऱ्या दोन मुली झिंज्या उपटत भांडताहेत. हा तपशील घाईत हमखास सुटतो.

नांगर हलका, दोन मुठींचा. तो माती उलटत नाही, नुसती ओरखडतो. पुराने भिजलेल्या गाळात तेवढं पुरे. बी हाताने फोकलेलं असतं, तेव्हा तिफण शोधू नका. मळणीत बैल ढिगाच्या माथ्यावर चढल्यासारखे दिसतात, पण ते खळ्यात गोल फिरताहेत. चित्रकार खळं बाजूने दाखवतो, एवढंच. उफणणाऱ्यांच्या डोक्याला पांढरं फडकं भुसापासून बचाव म्हणून.

मग कारकून शोधा. धान्याच्या राशीजवळ लेखणी घेऊन तो असतोच, आणि मापं हेकतची, एकेक सुमारे ४.८ लिटरचं. चित्र कष्टकऱ्याचं वाटलं तरी हिशेब मालकाचा आहे. मालक म्हणूनच इतरांपेक्षा मोठा काढलेला असतो.

लक्सरजवळच्याच देइर अल-मदीनातलं सेन्नेजेमचं थडगं (१८८६ साली सापडलेलं) मात्र वेगळं धरा. तिथे तो आणि बायको इयनेफर्ती शुभ्र कपड्यांत नांगरतात, कापतात. सेन्नेजेम राजांची थडगी घडवणाऱ्या कारागिरांपैकी, आणि भोवती पाणी असलेलं ते शेत परलोकातलं, इआरूचं. अवजारांसाठी हे चित्र जरूर वापरा. शेतकऱ्याच्या पेहरावासाठी मात्र नको.