वाईसारख्या गावात शूटिंग आणायचं तर : चित्रीकरण कक्षाची खरी कामं

वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटाचा फोटो निर्मात्याच्या फोनमध्ये आधीच असतो. २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटापासून तो घाट सगळ्यांच्या ओळखीचा आहे. निर्मात्याला माहीत नसतं ते वेगळंच : व्हॅनिटी (कलाकारांची गाडी) कुठपर्यंत जाईल, सही कोणाची लागेल आणि युनिटला सकाळी सातचा कॉल (हजर होण्याची वेळ) लावला तर पहिला शॉट किती वाजता होईल. शूटिंगवाल्यांना जागा आणि परवानग्यांसाठी मदत करणाऱ्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या चित्रीकरण कक्षाकडे याची उत्तरं तयार हवीत.

सुरुवात लोकेशनच्या फाइलपासून करा. एका जागेचे सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाचचे फोटो, चारही दिशांनी, फिल्टर न लावता. खाली महिना लिहायचाच. ऑगस्टमधला हिरवागार डोंगर पाहून युनिट मार्चमध्ये येतं आणि समोर पिवळं गवत दिसतं. मग ओरडा कक्षाच्या नावाने. फोटोंसोबत रस्त्याची सर्वांत अरुंद जागा फुटांत मोजून लिहा, आडव्या आलेल्या विजेच्या तारांची उंची लिहा. शंभर-सव्वाशे माणसांच्या युनिटला व्हॅनिटी, जनरेटर, लाइटचा ट्रक आणि जेवणाचा मांडव मिळून एकरभर सपाट जागा लागते. ती घाटापासून चालत पाच मिनिटांत नसेल तर दिवसाचा तासभर नुसता ये-जा करण्यात जातो.

वाड्याच्या बाबतीत घोळ हमखास मालकीत होतो. किल्ली एका भावाकडे, उताऱ्यावर नावं सात. एकाने होकार दिलेला असतो आणि लाइट लागल्यावर पुण्याहून दुसरा दारात उभा राहतो. म्हणून मिळकतपत्रिका पाहून सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती फाइलला लावा. ती नसेल तर तो वाडा यादीत घेऊच नका, कितीही देखणा असला तरी.

परवानग्यांचा तक्ता एका पानाचा असावा : जागा, खातं, टेबल, फी, लागणारे दिवस. गावच्या जागेला ग्रामपंचायत, मंदिराला देवस्थान ट्रस्ट, धरणाच्या काठाला जलसंपदा, जंगलाला वनविभाग. संरक्षित वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे की राज्याच्या, हे आधी पाहा. चुकीच्या दारात अर्ज पडला की आठवडा गेला. ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशात ती जागा हिरव्या पट्ट्यात असली तर ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. बैलजोडी दिसणार असेल तर निर्मात्याने भारतीय पशु कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी आणलेली हवी. लहान मुलं असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीनपेक्षा जास्त नाही, आणि मोबदल्यातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. दृश्यात पोलिसांचा गणवेश किंवा नकली बंदुका असल्या तर ठाण्याला तारीख-वेळेसह आधी कळवा.

घाटावर एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. मेणवली धोम धरणाच्या खालच्या अंगाला आहे. नदीत पाणी सोडलं की काल दिसलेल्या पायऱ्या आज पाण्याखाली जातात आणि अर्धा झालेला सीन जुळत नाही. शूटिंगच्या तारखा पाटबंधाऱ्याच्या कार्यालयाला देऊन पाणी सोडण्याचं वेळापत्रक मागून घ्या. भोंगे, जत्रा, लग्नाच्या तिथी आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची गाणीही त्याच कॅलेंडरवर टाका. आवाज जागेवरच ध्वनिमुद्रित होणार असेल तर याला दृश्याइतकंच महत्त्व आहे.

रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा पाहायला, पाहुणे आले की दिवसाला सहापेक्षा जास्त जागा दाखवू नका, आणि उन्हाच्या दिशेने क्रम लावा. शाल-श्रीफळ, पुढाऱ्यांबरोबर फोटो हे टाळा. कॅमेरामनची सकाळ त्यात जाते.

दरपत्रक छापून ग्रामपंचायतीत लावा. दर फोनवर ठरू लागले की मधले लोक वाढतात, तिसऱ्या युनिटला भाव तिप्पट सांगितला जातो आणि चौथं युनिट भोरला निघून जातं. अनामत वेगळी घ्या. घाटाच्या दगडी सांध्यांत खिळे ठोकायचे नाहीत, सेटचं प्लास्टर आणि थर्माकोल नदीत जाता कामा नये, असं करारात लिहा. शूटिंगच्या आदल्या दिवशी आणि पॅकअपनंतर त्याच कोनातून फोटो काढा. जागा जशीच्या तशी असेल तर अनामत आठ दिवसांत परत करा. लाइन प्रोड्युसर (शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणारा) पुढच्या कामाला कोणाला फोन करतो ते बहुधा यावरच ठरतं.