‘लेले’ नीट छापायचे असतील तर: हार्फबझमध्ये नव्याने शिरणाऱ्यांसाठी

इंदूरच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी आपली मुलं विचारतात, ओपन सोर्समध्ये शिरायचं तर कुठून? मी म्हणतो, फॉन्टकडे या. गर्दी कमी आहे, आणि देवनागरीत काय चुकलंय ते आपल्याला नुसत्या नजरेनं कळतं. सोपं आहे असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. हार्फबझ म्हणजे मजकुराला फॉन्टमधले योग्य आकार लावणारी ओपन सोर्स लायब्ररी. त्यातला इंडिक, म्हणजे भारतीय लिप्यांचा, कोड वाचताना मला अजूनही दम लागतो.

कोण काय करतं हे तुम्हाला माहीत असेलच: हार्फबझ ग्लिफ (फॉन्टमधले अक्षरांचे आकार) निवडतं आणि ते कुठे बसवायचे ते सांगतं, चित्र काढणं फ्रीटाइप या दुसऱ्या लायब्ररीचं. ओळ तोडणं किंवा फॉन्टमध्ये नसलेल्या अक्षरासाठी दुसरा फॉन्ट शोधणं हे हार्फबझ करतच नाही. त्या तक्रारी घेऊन तिथे जाऊ नका.

आता ज्यात मी पुरता अडकलो ते. रामबागेतल्या एका लग्नपत्रिकेसाठी छोटा सी-प्रोग्राम लिहिला होता. टर्मिनलवर एचबी-व्ह्यूमध्ये (हार्फबझबरोबरचं, मजकूर काढून दाखवणारं साधन) ‘लेले’ पाकळीच्या ल नं झकास दिसत होते, आणि माझ्या पीडीएफमध्ये तेच लेले हिंदी वळणाचे, दंडवाले. फॉन्ट तोच, मजकूर तोच. ‘शुभविवाह’मधला देठाचा श पण गेला. शेजारी बसलेला म्हणाला, ‘भिया, दोनों ल ही तो हैं.’ इंदुरात हे ऐकावं लागतं.

कारण असं. युनिकोडमध्ये ल ला एकच क्रमांक आहे. मराठी वळण फॉन्टमधल्या ‘लोकल’ फीचरमधून, म्हणजे भाषेप्रमाणे आकार बदलणाऱ्या सोयीतून येतं, तेही हार्फबझला मजकुराची भाषा मराठी आहे हे कळलं तरच. महाराष्ट्र शासनानं 2009 मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले खरे, पण लायब्ररीला जीआर वाचता येत नाही. आपण सगळे नमुना-कोडमधून ‘गेस सेगमेंट प्रॉपर्टीज’ हे लिपी-भाषा अंदाजानं भरणारं फंक्शन उचलतो. ते लिपी मजकुरावरून ओळखतं, पण भाषा मजकुरावरून नाही. ती प्रोग्रामच्या लोकेलवरून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) घेतं. एचबी-व्ह्यू सुरुवातीलाच सेटलोकेल करतं, म्हणजे मशीनचं सेटिंग उचलतं, म्हणून माझ्या मशीनचं मराठी लोकेल त्याला मिळालं. माझ्या प्रोग्राममध्ये सेटलोकेल नव्हतंच, तो ‘सी’ या ठरलेल्या मूळ लोकेलमध्ये चालला आणि फॉन्टनं आपलं मूळ वळण दिलं. सर्व्हरवर तर मराठी लोकेल असेल ही आशाच सोडा.

तेव्हा बफरची (हार्फबझला मजकूर ज्यात भरून देतो त्याची) भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी स्वतः सांगा आणि मगच अंदाजाचं फंक्शन बोलवा. ते फक्त रिकाम्या जागा भरतं, तुम्ही दिलेलं खोडत नाही. एवढ्यानं सुटलात असं समजू नका. तोच बफर पुढच्या ओळीसाठी ‘क्लिअर कंटेंट्स’ करून वापरलात तर भाषा पण पुसली जाते. पहिली ओळ मराठी, दुसरीपासून हिंदी! यात माझी एक अख्खी रात्र गेली. प्रत्येक ओळीला भाषा पुन्हा द्या.

तरीही वळण आलं नाही, तर फॉन्ट तपासा. एचबी-शेप (निवडलेल्या ग्लिफची यादी देणारं साधन) एकदा ‘एमआर’ आणि एकदा ‘एचआय’ (हिंदी) देऊन चालवा. दोन्हीकडे ल चा ग्लिफ तोच आला, तर बहुधा फॉन्टमध्ये मराठीची सोयच नाही; कोडला शिव्या देऊ नका. फॉन्ट स्वतः बनवत असाल तर आणखी एक: मराठीचा वेगळा विभाग केला की मूळ विभागातली फीचर्स त्यात आपोआप येत नाहीत. नुसतं लोकल टाकलंत तर जोडाक्षरं कोलमडतील.

मेंटॉरबद्दल माझं मत कडू आहे. ‘सर, गाइड करा’ असे निरोप पाठवण्यात वर्ष घालवू नका. ज्यांना पाठवता ते कामात असतात, आणि त्यांनी उत्तर का द्यावं? कोडबरोबर येणाऱ्या चाचण्या वाचा, मेसॉन या साधनानं बिल्ड करा, एक चाचणी मुद्दाम मोडून बघा. एआयकडून पॅच लिहून घेणाऱ्यांना तर मी हात जोडतो. रिव्ह्यूत पहिलाच ‘का?’ आला की त्यांची बोलती बंद होते.

तक्रार नोंदवताना फॉन्ट, नेमका मजकूर, एचबी-शेपचं आउटपुट आणि काय दिसायला हवं होतं, एवढं द्या. स्क्रीनशॉट एकटा पाठवू नका. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, माझंही तसंच आहे.

आणि घाबरून परत जायच्या आधी इंडिक शेपरच्या (भारतीय लिप्यांचे ग्लिफ लावणाऱ्या भागाच्या) फाइलमध्ये ऱ शोधा. युनिकोडच्या नियमानं त्याचे र आणि नुक्ता (खालचा टिंब) असे तुकडे होतात, पण तिथे तो मुद्दाम अखंड ठेवलाय. जुन्या लेखांत या फाइलच्या नावात ‘कॉम्प्लेक्स’ शब्द असतो, आता तो काढलाय. सापडली नाही तर तेच कारण. तो अपवाद समजला, की ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही एचबी-शेपला देऊन बघा आणि आउटपुट शेजारी शेजारी ठेवा.