सेप्टिक टाकीचा उपसा : एका खेपेला दोन खेपांचे शुल्क, आणि ते कसे थांबले

घरची सेप्टिक टाकी उपसण्यासाठी नगरपरिषदेचा मैला टँकर बोलावला की दर वेळी दोन खेपांचे शुल्क आकारले जाई. प्रत्यक्षात टँकर एकदाच भरून जात असे. चालकाशी वाद घातला, आरोग्य विभागात तोंडी विचारले, साधा तक्रार अर्जही दिला. ‘दर ठरलेले आहेत’ यापलीकडे काही हाती लागेना, तेव्हा वैताग आला.

उपयोगी पडले ते असे. आधी १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज केला आणि उपशाचे दर मंजूर करणाऱ्या ठरावाची प्रत मागितली. ती ३० दिवसांच्या मुदतीत मिळाली. त्यात दर ४,००० लिटरच्या खेपेला लावलेला होता, घरामागे नव्हे. मग बांधकामाच्या मंजूर नकाशावरून टाकीचे आतले माप काढले : लांबी २ मीटर, रुंदी १.२ मीटर आणि तळापासून बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या कडेपर्यंत खोली १.५ मीटर, म्हणजे ३,६०० लिटर. (मापासाठी झाकण उघडून आत डोकावू नये, आतला वायू जीवघेणा असतो.) ठरावाची प्रत, हा हिशेब आणि मागच्या दोन पावत्या जोडून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला व पोचेवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. पुढच्या उपशाला पैसे चालकाच्या हाती न देता आधी कार्यालयात भरले, पावतीवर ‘एक खेप’ असे लिहून घेतले आणि टँकर आल्यावर तीच दाखवली. चालकाने निमूटपणे पाइप टाकला. आधीच्या जादा रकमेचा अर्ज अजून लेखा विभागात आहे.