दोन्ही पीएलएल लॉक झाले, तरी फेज जुळत नाही? मग हे करून बघा

दोन रिसीव्हर घेतले, दोघांच्या पीएलएलना (रेफरन्स घड्याळाशी जुळवून हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट) एकच १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स दिला, दोन्हीकडे लॉकचा एलईडी लागला, आणि तरीही पॉवर बंद करून चालू केली की दोन चॅनेलमधला फेज दर वेळी वेगळाच येतो. डायरेक्शन फाइंडिंग (सिग्नल कुठून येतो ते शोधणं) किंवा बीमफॉर्मिंग (अनेक अँटेना मिळून एका दिशेला रोखणं) करायला बसलेल्या प्रत्येकाची गाडी इथे अडतेच. लॉक झालं म्हणजे फ्रिक्वेन्सी बरोबर आली आणि फेज एका जागी थांबला, बस एवढंच. तो नेमका किती अंशांवर जाऊन थांबला हे लॉकवरून कळत नाही.

सगळा घोळ डिव्हायडरमध्ये, म्हणजे सायकल मोजून फ्रिक्वेन्सी भागणाऱ्या काउंटरमध्ये असतो. फेज डिटेक्टर त्याच्यासमोर आलेले दोन सिग्नल जुळवतो, पण त्याच्या आधी किंवा लूपच्या बाहेर जे काउंटर आहेत ते चालू होताना कुठून मोजायला लागले हे त्याला दिसतच नाही. व्हीसीओनंतर (पीएलएलमधला व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) भागिले २ असेल तर आउटपुट ० वर बसेल नाहीतर १८० वर, भागिले ४ असेल तर ०, ९०, १८०, २७० पैकी कुठेही. रेफरन्सच्या बाजूचा आर डिव्हायडर १ पेक्षा मोठा असला की तिथेही हाच प्रकार होऊ शकतो. आणि फ्रॅक्शनल-एन (पूर्णांकाऐवजी अपूर्णांकाने गुणणारा पीएलएल) असेल तर मॉड्युलस (त्या अपूर्णांकाचा छेद) जेवढा तेवढ्या जागा, म्हणजे मॉड्युलस १००० असेल तर व्हीसीओचा फेज ०.३६ अंशाच्या अंतरावरच्या हजार जागांपैकी कुठेही बसू शकतो.

म्हणून आधी काहीही दुरुस्त करायला जाऊ नका, आधी मोजा. एका सिग्नल जनरेटरचा सिग्नल स्प्लिटरमधून दोन्ही रिसीव्हरला द्या, आयक्यू डेटावरून (रिसीव्हरचे कच्चे नमुने, ज्यात फेजही असतो) फेजचा फरक काढा, मग पॉवर बंद-चालू करा किंवा फ्रिक्वेन्सी बदलून परत त्याच जागी या, आणि हे चाळीस-पन्नास वेळा करून प्रत्येक आकडा लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण आजाराचं निदान इथेच होतं. आकडे १८० अंशांवरच्या दोन घोळक्यात पडले तर भागिले २ चा डिव्हायडर शोधा, चार घोळके पडले तर भागिले ४ चा. कुठेही कसेही विखुरले तर फ्रॅक्शनल मॉड्युलेटरचा संशय घ्या. फरक एका जागी न थांबता सतत फिरत राहिला तर रेफरन्स मुळात कॉमनच नाहीये, बहुतेक एका बोर्डाचं सेटिंग अजून आतल्या क्रिस्टलवर असतं, ते आधी तपासा. आणि काही मिनिटांत हळूहळू सरकला तर ते तापमान. माझ्याकडे दोन घोळके पडले होते आणि मी केबल बदलत बसलो होतो, पण केबल खराब असेल तर फेज असा बरोब्बर १८० ने उडी मारत नाही, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

स्प्लिटरपासूनच्या केबलमधला फरक वेगळा काढायचा तर दोन केबलची अदलाबदल करून परत मोजा. दोन्ही मापांच्या बेरजेचं निम्मं म्हणजे रिसीव्हरमधला फरक, वजाबाकीचं निम्मं म्हणजे केबलमधला. फेज ३६० नंतर परत शून्यावर येतो, त्यामुळे निम्मं करण्याआधी तेवढं सांभाळा.

आता दुरुस्ती. रेफरन्सच्या केबल सारख्या लांबीच्या आणि एकाच जातीच्या घ्या, यात कंजुषी नको. साध्या कोअ‍ॅक्समध्ये १ सेंटीमीटरला साधारण ५० पिकोसेकंद लागतात, १० मेगाहर्ट्झवर हे जेमतेम ०.१८ अंश, पण पीएलएल त्याला २४० ने गुणतो आणि २.४ गिगाहर्ट्झला तेच ४३ अंश होऊन बसतात. हा फरक कायम एकसारखा राहतो म्हणून नंतर वजा करता येतो, पण केबल हलली, तापली की तोही हलतो.

मग जमत असेल तर आर १ ठेवा, इंटिजर मोडमध्ये चालवा आणि आउटपुट डिव्हायडर फीडबॅकच्या आत घ्या, खूप चिपमध्ये त्यासाठी एक बिट असतो. एवढं केलं की आउटपुटचा रेफरन्सशी असलेला फेज दर वेळी तोच येतो, अर्धं दुखणं इथेच संपतं. फ्रॅक्शनल टाळताच येत नसेल तर चिपमधली फेज रीसिंकची (फेज परत ठरलेल्या जागी आणण्याची) सोय वापरावी लागते. एडीएफ४३५१ या पीएलएल चिपमध्ये हे टायमरवर चालतं, टायमरची वेळ म्हणजे क्लॉक डिव्हायडरचा आकडा गुणिले मॉड्युलस गुणिले पीएफडीचा (फेज डिटेक्टरचा) पिरियड, आणि ही वेळ लॉक टाइमपेक्षा जास्तच हवी, नाहीतर लूप स्थिरावायच्या आत रीसिंक होऊन जातं आणि काही उपयोग होत नाही. एलएमएक्स२५९४ या पीएलएल चिपला वेगळी सिंक पिन आहे. क्रम मात्र पाळा, आधी रजिस्टर लिहा, लॉक होऊ द्या, थोडं थांबा, मग सिंक द्या. आणि तो सिंकचा एज सगळ्या चिपना रेफरन्सच्या एकाच सायकलमध्ये मिळाला पाहिजे, १०० मेगाहर्ट्झच्या रेफरन्सला एक सायकल १० नॅनोसेकंदांची, म्हणून मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून सरळ देऊ नका, रेफरन्सवरच चालणाऱ्या फ्लिपफ्लॉपमधून काढा.

एसडीआरवाल्यांसाठी (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) दोन गोष्टी. एडीएफ नाही, एडी९३६१ ही रेडिओ चिप असेल तर तिचे दोन रिसीव्ह चॅनेल एकाच एलओवर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी खाली आणणारा आतला ऑसिलेटर) असतात त्यामुळे आपसात ठीक, पण दोन वेगळ्या चिप घेतल्या तर त्यातलं मल्टिचिप सिंक फक्त बेसबँडची घड्याळं जुळवतं, आरएफ एलओचा फेज नाही, इथे भरपूर लोक फसतात. दुसरं, दोन ठिकाणी दोन जीपीएस-लॉक्ड ऑसिलेटर ठेवून फेज जुळेल असं धरू नका, त्यांच्यातला फरक सहज काही नॅनोसेकंदांचा असतो आणि १ गिगाहर्ट्झला १ नॅनोसेकंद म्हणजे पूर्ण एक सायकल.

चॅनेल दोन-चार आणि एकाच बोर्डावर असतील तर माझं मत विचाराल तर हे काहीच नको, एकच पीएलएल ठेवा आणि एलओ वाटून द्या. चॅनेल वाढले, अंतर वाढलं की मग प्रत्येकाला वेगळा पीएलएल परवडतो, आणि त्यात एक फायदाही आहे, व्हीसीओंचा नॉइज एकमेकांशी जुळलेला नसतो त्यामुळे चार चॅनेल एकत्र केले की तो सिग्नलच्या तुलनेत ६ डीबीने खाली जातो. रेफरन्सचा नॉइज मात्र सगळ्यांना सारखाच येतो, तो अशाने कमी होत नाही.

एवढं होऊनही जो थोडा कायमचा फरक उरेल तो सॉफ्टवेअरमध्ये वजा करा. प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा आकडा ठेवा आणि बॉक्स नीट गरम झाल्यावरच मोजा. अँटेनाच्या तोंडाशी स्विच लावून एक कॉमन नॉइज सोर्स आत घेता आला तर सगळ्यात उत्तम, क्रॅकेनएसडीआर हा एसडीआर रिसीव्हर आपले पाच चॅनेल असेच जुळवतो, आणि मग तापमान बदललं की स्विच टाकून दोन सेकंदांत नवा आकडा काढता येतो.